स्टिअरिंगवरचा हात

१

धुडकू माळी गेला तेव्हा त्याच्या पाठीवर साड्यांचं पोटलं होतं. सुरतेत पर्वत पाटियाच्या पुढे जो नवा कापड पार्क झालाय, तिथल्या आतल्या रस्त्यावर, सोमवारी सकाळी, लख्ख उजेडात, एक पांढरी गाडी मागून आली आणि पोटल्यासकट त्याला उडवून पुढे जाऊन थांबली. ही गाडी म्हणे स्वतःची स्वतः चालते. तिला वळण कळतं, खड्डा कळतो, रस्त्यात बसलेली गायसुद्धा कळते. ओझ्याखाली वाकलेला हमाल मात्र तिला कळला नाही.

पोलिसांनी धरलं ते चालकाच्या सीटवर सापडलेल्या वाल्मिक महाजनला. वाल्मिक म्हणजे धुडकूच्या बायकोचा, मंगलाबाईचा, सख्खा धाकटा भाऊ.

आता कोणी विचारेल, गाडी आपोआप चालते तर सीटवर माणूस कशाला? तर परवानगीची अटच तशी होती. चाचणी चालू असेपर्यंत सीटवर एक माणूस हवा आणि त्याचा हात स्टिअरिंगवर हवा. हात काढला की गाडी थांबणार. हात आहे की नाही, याची नोंद गाडी स्वतःच ठेवणार. त्या नोंदीवर बोट ठेवून कंपनी मोकळी झाली होती: धडक बसली तेव्हा स्टिअरिंगवर हात होता, म्हणजे गाडी माणसाच्या ताब्यात होती, म्हणजे चूक माणसाची. गाडी निर्दोष, गाडी बनवणारे निर्दोष, ती रस्त्यावर सोडणारे तर धुतल्या तांदळासारखे.

आणि वाल्मिकने कबुलीही देऊन टाकली होती.

बुधवारी ही फाइल सुषमा बोरसेच्या टेबलावर आली. सुषमा विमा कंपनीसाठी अपघातांचा तपास करायची. कायद्याची पदवी, रागीट स्वभाव आणि समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत गप्प बसायची सवय, एवढ्या भांडवलावर तिने या धंद्यात बरीच वर्षं काढली होती.

"बोरसेबाई, यात काही नाही," तिचे साहेब म्हणाले. "कबुली आहे. माणूस चालवत होता, त्यामुळे पॉलिसी लागू होते. गाडी आपली आपण चालत असती तर आपल्यावर काहीच आलं नसतं, तशी अटच आहे. सही करा आणि मोकळ्या व्हा."

सुषमाने फाइल दोनदा वाचली. कबुली, गाडीच्या नोंदीवरचा कंपनीचा शेरा, मॅनेजरचा जबाब. तिन्ही कागदांत एकच वाक्य होतं, शब्दाला शब्द तेच. वेगवेगळी माणसं घाबरलेली असताना एकच वाक्य बोलत नाहीत. तिचं डोकं सणकलं.

"सही नाही करत," ती म्हणाली. "आधी त्याला बघते."

२

वाल्मिक कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. पस्तिशीचा असेल. अंगावर कंपनीचा निळा शर्ट, तोही मापाचा नव्हता, खांद्यावरून उतरत होता. सुषमाने नाव सांगितलं तसा तो उठून उभा राहिला आणि शाळेतल्या मुलासारखा हिंदीत म्हणाला, "दुर्घटना के समय गाडी मेरे नियंत्रण में थी. स्टिअरिंग पर मेरा हाथ था."

"नियंत्रण?" सुषमा म्हणाली. "हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा कधी बोललास?"

तो खाली बघत राहिला. त्याच्या कानाच्या पाळीमागे लालसर काहीतरी सुकलेलं होतं. रक्त असेल, असं तिला वाटलं. मग तिची नजर त्याच्या पायांकडे गेली. दोन्ही तळव्यांना फोड आले होते, काही फुटलेले. तो धड उभा राहू शकत नव्हता.

"चपला कुठे याच्या?" तिने हवालदाराला विचारलं.

"अनवाणीच आणलाय, मॅडम. सीटवर बसला होता तोही अनवाणीच."

सुषमाने आवाज खाली केला आणि घरची बोली काढली. तिचं माहेर अमळनेरकडचं. "भो, खरं सांग. तू कथा व्हता?" कुठे होतास, एवढंच तिने विचारलं.

ती बोली कानावर पडताच वाल्मिकचा चेहरा हलला. ओठ उघडले, मिटले. मग तो म्हणाला, "गाडीमाच व्हतु, ताई."

"मग ब्रेक का नाही मारलास? समोर तुझा दाजी होता."

यावर तो रडायला लागला. असा रडला की हवालदारही दुसरीकडे बघायला लागला. "मी राहतू ते मारताच ना ब्रेक," तो पुटपुटला आणि लगेच तोंडावर हात दाबून धरला.

मी असतो तर. सुषमा जागच्या जागी थांबली. पण त्यानंतर वाल्मिक एक अक्षर बोलला नाही.

३

कंपनीच्या ऑफिसात शिरताना सुषमाच्या अंगठ्याला दारातल्या कशाला तरी जोरात ठेच लागली. दार आपोआप बंद होऊ नये म्हणून तिथे एक लोखंडी वजन ठेवलेलं होतं, कडी असलेलं. कडीत साडीच्या काठाची चिंधी गाठ मारून ओवलेली होती.

"सॉरी, सॉरी मॅडम," म्हणत मॅनेजर महेश वानखेडे पुढे आला. माणूस वर्ध्याकडचा, बोलायला लोण्यासारखा. चहा मागवला, पंखा वाढवला आणि हळहळला. "फार वाईट झालं. वाल्मिक आपला चांगला माणूस. पण गाडीला दोष देता येत नाही ना. ज्याच्या हाती स्टिअरिंग, त्याची जबाबदारी. आम्ही माणुसकीने वागतोय बरं का. त्याच्या जामिनाचं मीच बघतोय."

"सोमवारी एवढ्या सकाळी गाडी कुठे निघाली होती?"

"बेंगळुरूहून पाहुणे आले होते. पैसे गुंतवणारे. त्यांना गाडी चालताना दाखवायची होती. ते पार्कच्या त्या टोकाला उभे होते."

"आणि बाकीचे चालक?"

"सुट्टीवर होते," महेश म्हणाला आणि चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

गाडी मागच्या शेडमध्ये होती. सुषमा आत बसली. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला, कापडाने घासावं तसा बोटभर रुंदीचा गुळगुळीत पट्टा पडला होता. बाकी सगळं रबर खरखरीत. हाताने अशी झीज होत नाही, हात फिरत असतो.

गाडीच्या नोंदी सांभाळणारा इंजिनिअर होता धर्मेंद्र. उधन्यातच वाढलेला, बापाने लूमवर राबून शिकवलेला. तो सुषमाच्या नजरेला नजर देत नव्हता.

"सोमवारी तुम्ही कुठे होतात?"

"रजेवर. घरी कार्यक्रम होता."

"कसला?"

"घरचाच," तो म्हणाला.

नोंदींत फेरफार करायची अक्कल या ऑफिसात एकट्या याच्याकडेच होती आणि नेमका हाच चोरासारखा वागत होता. सुषमाचा संशय त्याच्यावर पक्का बसत चालला. "मला सोमवारची नोंद दाखवा," ती फटकन म्हणाली.

त्याने पडद्यावर आलेख काढला. स्टिअरिंगवर हाताचा किती भार होता ते दाखवणारी रेघ. गाडी शेडमधून निघाली तिथून रेघ सुरू होत होती आणि सपाट पुढे जात होती. अगदी फूटपट्टीने ओढावी तशी.

"आणि धडक कुठे बसली?"

धर्मेंद्रने रेघेवर बोट ठेवलं. बोटाच्या अलीकडे रेघ सपाट होती. पलीकडेही सपाट होती.

"नीट बघा, मॅडम," तो हळूच म्हणाला. दारातून महेश बघत होता. "मला एवढंच दाखवता येतं. बोलता येत नाही."

४

उधन्यात वाल्मिकची खोली गल्लीच्या टोकाला होती. आजूबाजूला लूमची खडखड चालूच होती. सुषमा दारात दिसताच त्याच्या बायकोने, जयश्रीने, समोरची परात झटकन पदराखाली ओढली, कपाटामागे सरकवली आणि वरून ताट उपडं घातलं. घरात तुपाचा आणि गुळाचा वास भरलेला होता.

सुषमाला राग आला. नवरा कोठडीत, नणंदेचा नवरा मेलेला, आणि ही बाई गोडधोड करून लपवतेय? खानदेशी घरात पाहुण्याला चार घास खाऊ घातल्याशिवाय सोडत नाहीत, आणि इथे अन्न झाकलं जात होतं.

"त्या दिवशी वाल्मिक कामावर कधी गेला?"

"सकायलेच," जयश्री म्हणाली.

"चपला न घालता?"

दारात शेजारणी जमल्या होत्या. सुषमाने त्यांनाही विचारलं. "हो, कामावरच गेलता," एक म्हणाली. "कामावरच," दुसरी म्हणाली. सगळ्या गल्लीचं एकमत होतं. भांड्याला भांडं लागलं तरी ज्या गल्लीत दोन तट पडतात, तिथे एवढी एकी बघून सुषमाचा जीव आणखीच जळला.

तिथून ती भेस्तानला मंगलाबाईकडे गेली. घरात दिवा तेवत होता. मंगलाबाई कोपऱ्यात बसली होती. डोळे कोरडे, लालबुंद.

"तुमच्या भावाबद्दल बोलायचं होतं."

"माले भाऊ नही," मंगलाबाई म्हणाली. "मन्हा हातखाल वाढना तो. मायबाप गयात, मी त्याले भरवं, मी त्याले सुरत आनं. आनि त्यानीच मन्हं कुकू पुसं. मी रोज दिवासमोर बसीसन त्याले शाप देस, बाई. त्याना हात झडी जावोत."

उठता उठता सुषमाने एवढंच विचारलं, "धुडकूदादा रोज एवढ्या सकाळी जायचे का?"

"नही. त्या सोमवारे ते जातातच नही," मंगलाबाई म्हणाली. "पन आमना भाऊबंदमा चुलतसासरा वारनात. सुतक. औंदा आमनाकडे रोट नव्हतात. घर मोकळं, मंग घरमा बसीसन काय करू, म्हने, आनि गया."

रोट नव्हते.

सुषमा उंबऱ्यातून मागे वळली. तिच्या सासरी श्रावणातली कानबाई देवी बसत नाही. अडाजणच्या फ्लॅटमध्ये श्रावण आला काय नि गेला काय, कळतही नाही. पण माहेरी तिने पुरते वीस श्रावण काढले होते. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. रात्रभर गाणी, सकाळी गुलाल, आणि सोमवारी डोक्यावर पाट घेऊन अनवाणी नदीवर. त्या दिवशी सुरतेतला एकही खानदेशी माणूस कामावर जात नाही. आणि रोट म्हणजे कानबाईचा प्रसाद. तो पौर्णिमेपर्यंत पुरवून खायचा, पण फक्त भाऊबंदांनी. बाहेरच्याला त्यातला कणही द्यायचा नाही.

जयश्रीने परात लपवली नव्हती. झाकली होती.

"मंगलाबाई," सुषमा म्हणाली, "पौर्णिमेला कंपनीच्या ऑफिसात या. सुतक असलं तरी या. तोपर्यंत शाप देऊ नका."

५

पौर्णिमेला महेशने सगळ्यांना सह्यांसाठी बोलावलंच होतं. जामिनावर सुटलेला वाल्मिक खाली मान घालून उभा होता, शेजारी जयश्री. धर्मेंद्र संगणकापाशी. पोलीस ठाण्यातून फौजदार आला होता. मंगलाबाई दाराशी, भावाकडे पाठ करून बसली होती.

"बाईंना भरपाई मिळावी, हीच आमची इच्छा," महेशने सुरुवात केली. "बोरसेमॅडमनी सही केली की..."

"सही करते," सुषमा म्हणाली. "त्याआधी एक सांगा, वानखेडे. कानबाई म्हणजे काय?"

महेश गोंधळला. "असेल काहीतरी सण."

"तुम्हाला माहीत नाही, तिथेच सगळं आलं. बेंगळुरूच्या पाहुण्यांना तुम्ही नेमका सोमवार दिलात. इथले सगळे चालक खानदेशी. सोमवारी शेडमध्ये आलात तेव्हा एकही माणूस नव्हता. पाहुणे तिकडे उभे, गाडी इकडे उभी. आणि स्टिअरिंगवर हात असल्याशिवाय गाडी हलत नाही."

"वाल्मिक आला होता. त्याची कबुली आहे."

"वाल्मिक कानबाईबरोबर तापीवर निघाला होता. अनवाणी. त्याचे तळवे बघा, डांबरावर भाजलेत. चालक म्हणून येणारा माणूस कंपनीचे बूट घालून येतो. त्याच्या कानामागे होतं ते मला रक्त वाटलं. तो गुलाल होता. अंगावरचा गुलालाने भरलेला शर्ट तुम्ही बदलायला लावलात आणि दुसऱ्याच कोणाचा निळा शर्ट त्याला चढवलात. कान धुवायचं तेवढं राहिलं."

"मॅडम, ही सगळी गोष्ट रचलेली आहे!" महेश ओरडला. "गाडीची नोंद आहे. स्टिअरिंगवर हात होता!"

"धर्मेंद्र, लाव तो आलेख."

पडद्यावर ती सपाट रेघ आली.

"माणसाचा हात असा असतो?" सुषमा फौजदाराकडे वळली. "माणूस खाजवतो, घाम पुसतो, वळणावर पकड घट्ट करतो. आणि धडक बघा. समोर सख्खा दाजी चिरडला जातोय आणि याच्या हाताचा भार तसूभर हलत नाही? आदळल्यावरही तोच भार? साहेब, हा हात नाही. हे लोखंड आहे."

ती दाराकडे गेली. वाकून तिने ते कडीचं वजन उचललं, महेशच्या टेबलावर आदळलं. चहाचे कप हलले.

"लूमच्या मागच्या बीमला ताण राहावा म्हणून असली वजनं टांगतात. या ऑफिसात एकही लूम नाही. मग हे इथे कुठून आलं? आणि याच्या चिंधीची रुंदी स्टिअरिंगवरच्या घासलेल्या पट्ट्याशी बरोब्बर कशी जुळते?"

वाल्मिकनेच तोंड उघडलं.

"वजन मन्हं शे, ताई," तो म्हणाला. "दिवसभर नुसता हात ठेवीसन खांदा दुखे. मंग मीच लूमवरतून आनं आनि टांगं. साहेबनी पकडं, शिव्या दिध्यात, काढी लिधं. महिना व्हयना. तवयपासून त्यासनाकडेच शे."

"म्हणजे युक्ती याची, पण सोमवारी वजन कोणाच्या ताब्यात होतं?" सुषमा महेशकडे वळली. "याला ज्यासाठी शिव्या दिल्यात, तेच तुम्ही केलंत. रिकाम्या सीटची गाडी वजन टांगून सोडलीत. सीटवर माणूस असता तर निदान ओरडला असता हो! वाकलेल्या माणसाला गाडीने कापडाचा ढीग समजलं. तुम्ही तरी काय वेगळं समजलात? माणूस मेल्यावर तुम्ही वजन काढून दाराला लावलंत आणि याला फोन केलात. हा मिरवणुकीतून धावत आला. दाजीच्या अंगावर पडून रडत असताना तुम्ही त्याला काय सांगितलंत ते मी सांगू, की तो सांगेल?"

वाल्मिकनेच सांगितलं. "साहेब बोलनात, गाडीमा कोनीच नव्हतं असं कळनं ते विमा भेटाव नही. तुन्ही बहीन उघड्यावर पडी. तू व्हता असं सांग, मंग भेटी."

"आणि गल्लीलाही तुम्हीच गप्प बसवलंत, जयश्री?" सुषमाने विचारलं.

"मीच," जयश्री म्हणाली. तिने मोबाइल काढून फौजदारापुढे धरला. मिरवणूक. तिच्या डोक्यावर कानबाईचा पाट, शेजारी गुलालाने माखलेला वाल्मिक, वरच्या कोपऱ्यात सोमवारची तारीख. "सगळासकडे शे हाई. नणंदना घरमा चूल पेटो, म्हनीसन कोनी दावं नही."

धर्मेंद्रने पहिल्यांदा मान वर केली. "मीही त्याच मिरवणुकीत होतो. मी बोललो तर ताईंचं नुकसान होईल, असं सगळ्यांनी मला बजावलं. आणि शनिवारीच मी वानखेडेसाहेबांना सांगितलं होतं, सोमवारी कोणी येणार नाही. साहेब म्हणाले, मशीनला कानबाई नसते."

महेश एव्हाना पांढराफटक पडला होता, पण जीभ चालूच होती. "ठीक आहे! करा खरं! गाडी आपोआप चालत होती, झालं? मग विमा गेला. तुमच्याच कंपनीचा फायदा केलात, बोरसेमॅडम. या बाईला आता कोण देणार?"

"तुमचे मालक देणार!" सुषमाचा आवाज बाहेर शेडपर्यंत गेला. "सीटवर कोणी नसेल म्हणून जबाबदारी हवेत विरत नाही. गाडी ज्याच्या नावावर, नुकसान त्याच्या माथी. हवं तर कोर्ट आमच्याकडून आधी भरून घेईल आणि तुमच्याकडून वसूल करायला सांगेल. तसा अर्ज मीच लिहून देणार आहे, माझे साहेब नोकरीवरून काढेनात का. विमा जाईल ही भीती तुमच्या मालकाची होती. ती तुम्ही एका भावाच्या गळ्यात बांधलीत. बहिणीचं भलं होईल म्हणून त्याला स्वतःला खुनी म्हणवून घ्यायला लावलंत!"

फौजदाराने महेशच्या खांद्यावर हात ठेवला. "चला, वानखेडे. मोबाइल इथेच ठेवा."

६

ऑफिस रिकामं झालं. मंगलाबाई अजून भिंतीकडेच तोंड करून बसली होती. वाल्मिक दोन पावलं पुढे आला, फोडांच्या पायांनी, आणि थांबला.

ती उठली. वळली. त्याच्याजवळ गेली आणि खाडकन त्याच्या मुस्काटात मारली. जयश्री पुढे धावली, तिला सुषमाने धरून ठेवलं.

"माले इचारं का तू?" मंगलाबाई किंचाळली. "माले पैसा पाहिजे का भाऊ पाहिजे, इचारं का? सगळी गल्लीले ठाऊक, फक्त मालेच ठाऊक नही! मी दिवासमोर बसीसन तुना हात झडोत म्हनं. रोज म्हनं. ते शाप आते मी कोठे ठेवू, सांग!"

वाल्मिकने दोन्ही हात तिच्यापुढे धरले, झडायचे तर झडोत, असे. तिने ते हात पकडले, उलटेसुलटे करून बघितले आणि मग कपाळाला लावले. पहिल्यांदाच तिला रडू फुटलं, आणि तेही संतापाने दात ओठ खात.

बाहेर पार्कच्या फाटकापाशी राख्यांची हातगाडी उभी होती. हमालांची पोरं भोवती जमली होती.

"या साली नही," मंगलाबाई पदराने डोळे पुसत म्हणाली. "सुतक शे. पुढला साली ये. आनि सांगी ठेवस, पुन्हा मन्हाकरता खोटं बोलना ते दुसरा गाल फोडसु."

"येसु, ताई," वाल्मिक म्हणाला.

सुषमाने टेबलावरचं वजन उचललं, पुरावा म्हणून कापडात गुंडाळलं आणि सह्यांसाठी ठेवलेले कागद तिथेच फाडून टाकले.